रॉक अँड रोल आणि माझा डावा हात

आमच्या कुंभारवाडा गावात संगीतातलं कळणारा माणूस एकच होता, आणि तो मी. बाकीचं भजनी मंडळ म्हणजे देवाची सहनशक्ती तपासायला जमलेली माणसं! वीस वर्षं त्यांच्यात पेटी वाजवून माझी बोटं कुजली, असं मी घरात रोज ऐकवायचो.

मग एकदा टेकडीवर, जिथं मोबाइलला रेंज मिळते तिथं, मला रॉक अँड रोल सापडलं. त्यातले पियानोवाले बघून मी खालीच बसलो. गाणारा नाचतो, गिटारवाला मिरवतो, आणि हा बाबा मान खाली घालून दोन्ही हातांनी ठोके देत सगळं गाणं ओढून नेतो. (आमच्याकडे हे काम टाळांवर सोपवलेलं, आणि टाळ ज्याच्या त्याच्या सोयीनं.) मी रामनगरहून जुना कीबोर्ड आणला.

आबा, म्हणजे माझे वडील, पेटीतले माझे गुरू. त्यांनी दोन दिवस ऐकून घेतलं.

"उजवा हात झकास पळतोय," ते म्हणाले. "डाव्याचं काय? त्यानं जल्मभर पेटीचा भाताच मारलाय."

"आबा, ह्याला भाता नसतोय."

"ते तुला ठाव हाय. हाताला कोण सांगनार?"

म्हातारी माणसं! मी लक्षच दिलं नाही.

गणेशगुडीजवळच्या एका रिसॉर्टात गोव्याचा बँड वाजवायचा. त्यांचा पियानोवाला सोडून गेला होता. बँडच्या म्होरक्यानं मला रविवारी दुपारी बोलावलं. जमलं तर कायमचा घेणार होता. मी तडक देवळात जाऊन, प्रत्येकाला नावं ठेवून, भजनी मंडळ सोडलं. आधी वाजवून बघा, मग सोडा, असं बायको म्हणत होती. तिला तरी काय कळतंय!

रविवारी ती आणि आबा इस्त्रीचे कपडे घालून पुढंच बसले. म्होरक्यानं मला एकच बजावलं, "सोलो-बिलो नाका. ताल धर आणि सोडू नको."

पहिली दोन कडवी मी असे ठोके दिले की पर्यटक जेवण सोडून नाचायला उठले. मी ऐटीत आबांकडे बघून हसलो, आणि तिथंच घात झाला. लक्ष सुटलं तसा डावा हात उठला, कीबोर्डच्या मागं गेला आणि भाता मारायला लागला. पहिल्या हिसक्याला कीबोर्ड माझ्याकडे कलला. दुसऱ्याला स्टँड मोडला. तिसऱ्याला कीबोर्ड माझ्या मांडीवर आणि मी खुर्चीसकट मागच्या सोलकढीच्या पातेल्यात. तिथंही हात चालूच होता!

बायकोनं पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला. म्होरक्यानं मला हात देऊन उठवलं.

"डावा हात तालात होता तुझा," तो म्हणाला. "फक्त पियानोवर नव्हता."

मंडळानं मला परत घेतलं, पण तोवर पेटी आबांकडे गेली होती. त्यांचा डावा खांदा दुखतो. म्हणून सूर ते वाजवतात आणि शेजारी बसून भाता मी मारतो. रिदम सांभाळणारा माणूस या तालुक्यात अजूनही एकच आहे, आणि तो मी.