बॉयलरचं बटण

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, नानाला—म्हणजे माझ्या थोरल्या भावाला—नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या घरातले नाही म्हणून असेल. घरातल्या माणसासमोर तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

गोष्ट वायरीची आहे. हसू येईल तुम्हाला. एवढ्याशा वायरीपायी माणूस जन्मभर मान खाली घालतो का? थांबा, सांगतो. जरा फिरून सांगतो, कारण सरळ सांगायची हिंमत अजून होत नाही.

महायुद्ध चालू होतं. मी धुळ्याला एका मिस्त्रीच्या हाताखाली विजेचं काम शिकून जळगावला घरी आलो होतो. गल्लीत वीज मोजक्याच घरांत, आणि त्यात आमचं एक. मग काय, माझ्या डोक्यात हवा! दिवे तर सगळेच लावतात. मी आबांना, म्हणजे वडिलांना, म्हटलं, आपल्याकडे न्हाणीत विजेचा बॉयलर बसवू. चूल नको, धूर नको, बटण दाबलं की पाणी कढत. एक जुना बॉयलर मिळवून मी तो दुरुस्तही केला. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला घरातला एकही माणूस बंबाच्या पाण्यानं न्हाणार नाही, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो. बोलून बसलो—तिथंच सगळं बिघडलं.

बॉयलरला जाड वायर लागते. रबराच्या आत तांब्याच्या सात तारा पिळलेल्या असतात ती. दिव्याची वायर बारीक. दिव्याला पुरते, पण बॉयलर ओढतो तेवढा भार तिच्यावर टाकला की ती आतून तापते. मिस्त्रींनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं ते हेच. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला चांगलं माहीत होतं.

जाड वायर मी मोजूनमापून आणली होती—मीटरपासून देवघराच्या भिंतीवरून सरळ न्हाणीत. पण आई आडवी आली. त्या रबरात कशाची चरबी असते कोण जाणे, माझ्या देवांच्या डोक्यावरून ती जाणार नाही, असं तिनं बजावलं. मी पुष्कळ समजावलं. आई हलली नाही. मग वायर मागच्या कोठीतून वळसा घालून न्यावी लागली, आणि कोठीतच ती संपली. राहिली एका भिंतीची लांबी. लढाईमुळे गावात तांब्याची वायर नव्हती. मुंबईहून येईपर्यंत दिवाळी उलटून गेली असती. वसुबारस दारात आली होती.

मी तेवढ्या भिंतीला दिव्याची वायर जोडली. वरून लाकडी पट्टी ठोकली. पट्टी बसली की आत काय आहे ते कोणाला दिसतं?

मनाला म्हटलं, दिवसाकाठी दोन-चार अंघोळी, त्यानं काय होतंय! नंतर मुंबईची वायर आली की बदलू. माणूस स्वतःला फसवायला बसला की किती गोड बोलतो बघा. चाचणीच्या दिवशी फ्यूज उडाला. शहाणा माणूस तिथंच थांबला असता. मी फ्यूजची तार दुहेरी केली, म्हणजे आता तो सहजी उडणार नव्हता, आणि सगळ्यांना कढत पाणी दाखवलं. आबा म्हणाले, पोराचं शिक्षण कामी आलं. ते वाक्य अजून कानात आहे.

आबांबद्दल सांगायला हवं. आबा एका जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे पारखी होते. कापसाचा एक बोंडाएवढा झुपका दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून हलकेच ओढायचे, आणि धागा किती लांब निघेल ते सांगायचे. डोळे मिटूनसुद्धा. खेड्यापाड्यातले शेतकरी गाडी उभी करून आबांच्या बोटांकडे बघत राहायचे. आबांचा शब्द म्हणजे आबांची बोटं. घरही त्यांच्याच जोरावर चालायचं.

आणि वहिनी. नरडाण्याकडच्या. लग्नाला वर्ष होत आलेलं. आमच्याकडे रीत अशी की आधी पुरुष, मग मुलं, मग आई, आणि सगळ्यांत शेवटी घरची सून न्हाणार. त्यामुळे बॉयलरचं बटण शेवटी बंद करायचं काम वहिनींकडं. बटण वर केलं की बंद, खाली केलं की चालू—हे त्यांना मीच शिकवलं होतं. त्या दर वेळी बटण वर करून एकदा बोटानं चाचपून बघायच्या. मला त्याची गंमत वाटायची.

नरकचतुर्दशी. उजाडायच्या आत घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी, त्यात धुळ्याची आत्या आणि तिची मुलं आलेली. बॉयलरला उसंतच नाही. दोन-चार अंघोळींचा हिशेब करताना मला दिवाळीच आठवली नाही—जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच! वहिनी न्हाऊन आल्या. आम्ही फराळाला बसलो. तेवढ्यात कोठीतून जळक्या रबराचा वास आला, आणि पाठोपाठ धूर.

मी आधी मीटरकडं धावलो आणि मुख्य खटका ओढला. वाटेत न्हाणीचं दार लागतं. मी बटणाकडं बघितलं. ते वर होतं. बंद होतं. पट्टीच्या आतलं लाकूड आधीपासूनच धुमसत होतं, बटण बंद करून आता काय होणार होतं?

कोठीत सरकीची पोती आणि गोधड्या. पट्टी पेटलेली. आबांनी कशाचीच वाट बघितली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ती पेटती पट्टी भिंतीवरून ओढून काढली. वितळलेलं रबर त्यांच्या बोटांना चिकटलं. घर वाचलं. बोटं नाही वाचली.

आता सांगतो. ज्यासाठी एवढा वळसा घेतला ते.

डॉक्टर येऊन गेल्यावर नाना ओसरीवर उभा राहिला. आई रडत होती. वहिनी दाराशी, केस अजून ओलेच. नानानं मला विचारलं, "बटन चालू व्हतं का रे?"

वहिनी म्हणाल्या, "मी बंद करेल व्हतं. माले याद शे."

नानानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. विजेचं ज्याला कळतं त्याला तो विचारत होता. सगळे माझ्याकडं बघत होते—आबाही, हात फडक्यात गुंडाळलेले.

"व्हतं," मी म्हणालो.

एवढंच. वायर बारीक घातली ही चूक होती, मानतो. चूक माणसाकडून होते. पण त्या शब्दाला मी चूक कसं म्हणू?

दुसऱ्या दिवशी मी कोठीतली उरलेली वायर काढून नेली आणि फेकून दिली. कोणी बघायला आलंच नाही.

मग काय झालं? आबांना जिनवाल्यांनी काही दिवस कामावर ठेवून घेतलं, मानानं. पण बोटं आखडली होती, कातडी गुळगुळीत झाली होती, कापूस हाताला लागतच नव्हता. ते आपणहून घरी बसले. वहिनींना कोणी मारलं नाही की माहेरी धाडलं नाही. आमचं घर तसं नव्हतं, असं आई शेजारणींना सांगायची. फक्त त्या दिवसापासून आईनं त्यांना कुठल्याच बटणाला हात लावू दिला नाही. तिन्हीसांजेला माजघरात अंधार व्हायचा, आणि वहिनी मला हाक मारायच्या—भाऊ, दिवा लाई द्या. मी उठून दिवा लावायचो. रोज.

आणि याहून वाईट ते पुढंच आहे. मला वाटायचं, वहिनींना माझं खोटं ठाऊक आहे, त्या मनातून मला शाप देत असतील. तसं असतं तर बरं होतं. पण एके दिवशी आबांना घास भरवून त्या उठल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "मना हात कसा भुलना भाऊ, माले समजतच नही." आपलाच हात बटण विसरला असं धरून त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता! स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या शब्दावर. मला विजेचं कळतं ना. मी मान हलवली आणि बाहेर निघून गेलो.

आबा गेले त्याच्या आदल्या दिवशी शुद्धीवर होते. त्यांनी वहिनींना जवळ बोलावलं. आखडलेला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "व्हई गयं ते व्हई गयं, पोरी. मनमा ठेवू नको. मी तुले माफ करेल शे."

वहिनी आबांच्या पायावर डोकं ठेवून हमसून रडल्या. किती दिवसांचं ओझं उतरावं तशा. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो, आबांची नजर माझ्यावर होती, आणि मी एक शब्द बोललो नाही.