मागच्या चाकाचं तेल

बाबा सायकलने कोराडीच्या वीज केंद्रात कामाला जात. सायकलीच्या पुढच्या चाकाचा हब, म्हणजे आऱ्या जुळतात तो मधला भाग, इंग्लंडचा होता. मागचा मोडल्यावर लुधियानाचा बसवलेला. दर रविवारी ते पुढच्या हबला तेल देत, फडक्याने लख्ख पुसत आणि मागचं चाक कुरकुरलं की देशी मालाला शिव्या घालत. मला त्या शिव्या पाठ होत्या.

एकदा सायकल मिस्त्रीने मागचा हब उघडला, तर आत तेलाचा थेंब नाही, नुसती वीज केंद्राची कोरडी राख.

"भाऊ, विलायती चाकाले एवढं तेल पाजता, मंग याले काहून नाही पाजत?" तो म्हणाला.

पुढच्या रविवारपासून बाबा मागच्या चाकालाही तेल देऊ लागले आणि ते चाक त्यांच्या निवृत्तीपर्यंत चाललं. देशी माल चांगला असतो, असं मात्र ते कधीच म्हणाले नाहीत. फक्त शिव्या बंद झाल्या. आमच्या घरात कौतुक असंच व्हायचं.