ओसरीवरचं युरोपचं कोर्ट

रिकामे म्हातारे एका ओसरीवर बसले की किस्से आपोआप साचत जातात. आम्ही तिघं: मी, दशरथ मेश्राम आणि पटले. मी चौथीतून सुटलेला, ते दोघं माझ्याहून दोन इयत्ता शहाणे. गाव इटियाडोह धरणाच्या कालव्याखालचं. यंदा कालव्याच्या पाण्यावरून भांडायचं सोडून आम्ही युरोपवरून भांडलो.

माझी नात पायल गोंदियाला वकिली शिकते. विषय घेतला युरोपियन युनियनचा कायदा. मी म्हटलं, "आपल्या देशातले कायदे सरले का?"

"आबाजी, खोट्या कोर्टाची स्पर्धा हाय. जिंकली तर तिकडं शिकायले नेतात. पण जज मधात बोलले का मी सारं विसरते. मले मधात बोलणारे माणसं पाहिजेत."

दशरथ म्हणाला, "पोरी, तू बराबर घरी आली."

*

पहिल्या दिवशी ती उभी राहिली. "सत्तावीस देश. सगळ्यांनी मिळून केलेला कायदा कोण्या एका देशाच्या कायद्यापेक्षा वरचा..."

"आम्हा तीन भावांचं एका बांधावर जमून नाही राहिलं," पटले म्हणाला. "हे सत्तावीस कसे ऐकतात?"

पायल पाणी प्यायला म्हणून आत गेली ती आलीच नाही.

*

केस अशी की एका देशातलं चीज दुसऱ्या देशानं अडवलं. पायल चीजवाल्याची वकील. "एका देशात रीतसर विकते, तर दुसऱ्यानं उगाच अडवू नये..."

"मग देवरीच्या पुढं राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर माझ्या जावयाचं धान काऊन अडवलं?" दशरथनं विचारलं.

"ते युरोपात नाही ना जी."

"कोण, नाका का जावई?"

पायलला हसू फुटलं. मुद्दा गेला तो गेलाच.

*

मग कळलं की एक देश युनियनमधून निघून गेला. दशरथ एकदम ताठ बसला. "वेगळ्या चुलीचा झाला? मग भांडे वाटले का?"

"त्या वाटाघाटीतच वर्षं गेली."

"म्हणजे आपलेच लोक हायेत," दशरथ म्हणाला. त्या दिवसापासून तो युनियनच्या बाजूचा.

*

तिकडचे जज लाल झगे घालतात हे ऐकून पटले बायकोची लाल शाल पांघरून आला. पायल म्हणाली, "निकाल एकच द्यायचा. कोणाचं मत वेगळं असलं तरी बाहेर सांगायचं नाही."

आम्ही आत जाऊन बसलो. दशरथ चीजच्या बाजूनं, पटले नाक्याच्या, मी दोघांच्याही विरोधात. जेवणवेळेपर्यंत वाद. शेवटी बाहेर येऊन मी निकाल वाचला: "कोर्टाचं एकमत झालं. चहात साखर कमी होती."

*

असा पंधरवडा गेला. एक दिवस मी तिसऱ्यांदा तोंड घातलं, तशी पोरीनं खांबावर हात आपटला. "थांबा ना जी! माझं बोलणं होऊ द्या."

तिनं उरलेलं सगळं न अडखळता म्हटलं. मग रोजचंच झालं. कोणी तोंड उघडलं की "थांबा ना जी", आणि गाडी पुढं. घरात मला कोणी असं बोललं असतं तर ताट भिरकावलं असतं. पण पायलसाठी थांबलो.

*

शेवटची फेरी कॉम्प्युटरवर, घरूनच. आम्हा तिघांना दाराआड बसवलं, तोंड उघडायचं नाही म्हणून. पडद्यावर एका टेबलाशी तीन जज. मधात एक गोरी मॅडम, युरोपातून पाहुणी आलेली, बाजूला दोघं आपले.

मॅडमनं एकदा टोकलं, दुसऱ्यांदा टोकलं. तिसऱ्यांदा टोकलं आणि पायलच्या तोंडून गेलं, "थांबा ना जी! माझं बोलणं होऊ द्या."

पायलचा चेहरा पांढरा. दशरथनं माझा दंड आवळला. मॅडमनं इंग्रजीत काही विचारलं, पायलनं काही सांगितलं. मॅडमनं हातानं खूण केली, चालू दे. पोरगी शेवटपर्यंत बोलली, कुठं अडली नाही.

"काय सांगितलं वं तिले?" मी नंतर विचारलं.

"म्हटलं, आमच्याकडं जजले असंच म्हणतात."

सायंकाळी निकाल. मॅडमनं पहिलं नाव पायलचं घेतलं. पुढं ती काही सांगायला लागली, तेवढ्यात बाजूचा जज मधात बोलला.

मॅडमनं त्याच्याकडं मान वळवली.

"थांबा ना जी," ती म्हणाली.