लाल चिंधीची ओळ

आमच्या घरी हंगामातले कोणतेही नवे फळ देवापुढे ठेवल्यावाचून कोणाच्या मुखात जात नाही. आंबा, जांभूळ, आवळा, उसाचे कांडे यांचे तर सोडाच. बाजारात अलीकडे येऊ लागलेले ते काटेरी दिसणारे गुलाबी ड्रॅगन फ्रूटही आमच्या सौ.ने आधी देवघरात नेले. "हे देवाला चालतं का?" असे मी विचारले, तेव्हा तिने मागे वळूनही न पाहता उत्तर दिले, "देवानं काय खायचं ते तुम्ही ठरवू नका."

त्यामुळे गेल्या पौषातल्या एका रविवारी मुलाने स्ट्रॉबेरीच्या शेतावर जायचा बेत केला, तेव्हा सौ.ने घासून-पुसून कोरडा केलेला एक स्टीलचा डबा माझ्या हाती दिला. तळाशी केळीच्या पानाचा तुकडा अंथरलेला होता. तिचे गुडघे दुखत असल्याने ती येणार नव्हती.

"पहिलं फळ यात. आणि ते घरी येऊन देवापुढे जाईपर्यंत कोणी तोंडात घालायचं नाही. अहो, हे मी मुख्यतः तुम्हाला सांगतेय."

"आणि मला?" सात वर्षांच्या नातीने विचारले.

"तू शहाणी आहेस. तू आजोबांवर लक्ष ठेव."

नातीने हे काम फारच मनावर घेतले. नौपाड्यातून निघून कल्याण, शहाड मागे टाकून मुरबाडच्या रस्त्याला लागेपर्यंत तिने तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. आपण स्वतः एकही स्ट्रॉबेरी खाणार नाही, असे तिने मला दोनदा बजावले.

शेताच्या फाटकावर मोठा फलक होता. आत शिरून हवी तेवढी फळे स्वहस्ते तोडावीत, हवी तेवढी खावीत, असे त्यावर लिहिले होते. ध्वनिवर्धकावर कसलेसे गाणे आदळत होते. वाफ्यांवर काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यातल्या भोकांमधून वर आलेली ती कोवळी रोपे, आणि पानांआड लोंबणारी लाल फळे. इतके सुंदर दृश्य, आणि त्यात माणसे काय करत होती! फळाचा गोड शेंडा दातांनी तोडायचा आणि देठाकडचा अर्धा भाग रोपावरच भिरकावायचा. सरीत चालायला पायवाट असताना वाफ्यावरून बुटांनिशी जायचे. एका तरुणाने मोबाईलसमोर एक फळ चावले, डोळे मिटून आनंद दाखवला, फळ टाकले, चित्रण मनासारखे झाले नाही म्हणून दुसरे चावले, टाकले, मग तिसरे. तिन्ही उष्टी फळे एकाच रोपाच्या पानांवर पडली. जिवंत रोपावर आपले उष्टे टाकताना मनुष्याचा हात एकदाही अडखळू नये, याचा संताप माझ्या मस्तकात गेला.

मी शांत प्रकृतीचा मनुष्य आहे. चाळीस वर्षे शाळेत मुलांना संस्कृत शिकवले. रूपे पाठ नसणाऱ्यांवरही आवाज चढवल्याचे स्मरत नाही. त्या दिवशी मात्र चढवला.

"अहो, खायचे नसेल तर तोडता कशाला? आणि तोडलेत तर निदान झाडावर थुंकल्यासारखे टाकू नका!"

"अनलिमिटेड आहे आजोबा," तो हसून म्हणाला. "टेन्शन नका घेऊ. तुम्ही पण खा."

"अमर्याद काही नसते बाळा. रोपाला विचार."

"रोपाला?" त्याने मोबाईल माझ्याकडे वळवला. "आजोबा, हे परत बोला ना."

मुलाने माझा दंड धरला. "बाबा, प्लीज. इथे वर्ग भरवू नका."

"भरवू देत की," सून म्हणाली. "खरं तेच बोलतायत. त्या काकूंनी तर चावलेली परत माझ्या टोपलीत टाकली!"

या सर्व गोंधळात नात डबा छातीशी धरून वाफ्यांमधून हिंडत होती. देवाला न्यायचे फळ कोणाच्या दाताचे, कोणाच्या बुटाचे नको, एवढेच तिला कळत होते आणि तेच तिथे मिळेना. एकेक पान उचलून ती पाही आणि मान हलवी. भोवतालची सारी मुले लाल तोंडाने खिदळत होती. तिने एकदा ओठांवरून जीभ फिरवली. माझे लक्ष आहे असे दिसताच तोंड घट्ट मिटून घेतले.

शेताच्या अगदी टोकाला, बांधालगत, तिला एक आखूड ओळ सापडली. दहा-बारा रोपेच होती, पण फळे टपोरी आणि पूर्ण पिकलेली. एकालाही कोणाचा स्पर्श झालेला दिसत नव्हता. ओळीच्या तोंडाशी काठी रोवून तिला लाल चिंधी बांधली होती. पाखरांना भिववण्यासाठी असेल, असे मी समजलो. खरे सांगायचे तर फार विचारच केला नाही. इतक्या विटाळलेल्या शेतात परमेश्वराने आपल्यासाठी एक ओळ राखून ठेवली, अशा काहीशा भावनेने मी भरून गेलो होतो.

फूल वा फळ खुडण्यापूर्वी झाडाची मनोमन अनुज्ञा घ्यावी, हे पाठशाळेत अंगवळणी पडलेले. मी चपला काढल्या, रोपांना हात जोडले, आमच्या कुलदेवतेचे स्मरण केले आणि नातीकडून पाच फळे देठासह अलगद खुडवून डब्यात ठेववली.

"ओ बाबा! ते नाय तोडायचं! ठेवा, ठेवा!"

डोक्यावरची पाटी तशीच सावरत एक बाई बांधावरून धावत आली. शेतावर काम करणारी होती, पन्नाशीची. डब्यात पाहून ती मटकन खाली बसली.

"गेलं. ह्या बारीलापण गेलं."

"काय झाले, बाई?"

"ही वळ गावदेवीची हाय. रोपां आमी बायांनी लावली, तवाच राखून ठेवली. नागली झाली का पयली तिला, काकडी झाली का पयली तिला, मग ह्याची कशी नाय न्यायची? दोन येळा पिकली, दोन येळा पावण्यांनी तोडून खाल्ली. म्हणून चिंधी लावली. तुमी शिकलेली माणसां, चिंधी नाय दिसली?"

दिसली होती. वटपौर्णिमेला सौ. वडाला सूत गुंडाळते ते मला दिसते, देवळाच्या पारावरच्या झाडाला बांधलेले नवसाचे धागे दिसतात. त्यांना मी कधी पाखरांचे भय म्हटले नाही. रानातल्या एका काठीवरची चिंधी मात्र मला नुसती चिंधी दिसली. तासभर मी ज्यांच्यावर तडतडत होतो त्यांनी फळे चावून टाकली होती. मी तर चपला काढून, हात जोडून, देवीच्या पानातले उचलले होते.

एवढ्यात फाटकावरचा देखरेख करणारा इसम तिथे आला. काय झाले हे न विचारताच तो बाईंवर खेकसला, "काकी, किती वेळा सांगायचं? गेस्टवर ओरडायचं नाही! आजोबा, तुम्ही बिनधास्त तोडा. अख्खं शेत तुमचंच आहे."

"ते माझे नाही," मी म्हणालो. "ही ओळ यांच्या देवीची आहे आणि चूक माझी आहे. दोनदा हिची फळे पाहुण्यांनी खाल्ली, तरी तुम्ही इथे एक दोरी बांधली नाहीत! पाहुण्यांना सेल्फी काढायला मोराची पिसे लावलेली खुर्ची मांडायला तुम्हाला सवड झाली. यांच्या देवीसाठी दोन हात दोरी मिळाली नाही? आधी यांची क्षमा मागा!"

तो क्षमा मागणार नव्हताच. "बघतो, बघतो," म्हणत निघून गेला. त्याचा राग आजही माझ्या मनातून गेलेला नाही, आणि जावा असा प्रयत्नही मी केलेला नाही.

बाई मात्र डब्याकडेच पाहत होत्या. "ह्यातलं खाल्लंत काय?"

"एकही नाही."

"आन पोरीनं?"

नातीने आ केला आणि जीभ पूर्ण बाहेर काढून दाखवली. त्या शेतावरची बहुधा तेवढी एकच जीभ रंगलेली नव्हती. बाईंना हसू फुटले.

"मग अजून गेलं नाय."

मी प्रांजळपणे सांगितले की खुडताना मी आमच्या देवतेचे स्मरण केले आहे. एका देवाच्या नावाने संकल्पिलेले दुसऱ्याला कसे अर्पावे, हे माझ्या शास्त्रात बसत नव्हते.

"नाव तुमच्या मनात घेतलंत ना?" बाई उठत म्हणाल्या. "फळ तर हितंच हाय. चला."

बांधापलीकडे करंजाखाली शेंदूर लावलेले तीन पाषाण होते. बाईंनी लोट्यातले पाणी शिंपडून पाचही फळे तिथे ठेवली. कोणताही मंत्र नाही. "आई, उशीर झाला, रागवू नको," एवढेच शब्द. मला इतके मंत्र येतात, पण त्या क्षणी त्यांत भर घालण्यासारखे एकही अक्षर माझ्यापाशी नव्हते. मग त्यांनी त्यातले एक फळ उचलून नातीच्या डब्यात टाकले. "घरी ने. परसाद."

तिन्हीसांजेला सौ. दारातच उभी होती. डब्यात एकच फळ पाहून तिने माझ्याकडे संशयाने पाहिले.

"बाकीची कुणी खाल्ली?"

"आजोबांनी नाही खाल्ली," नात घाईघाईने म्हणाली. "आजोबांनी चोरली."

मी सर्व हकीकत सांगितली. देवीचा प्रसाद पुन्हा आपल्या देवाला नैवेद्य म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे आमचा देव यंदाच्या नव्या फळाला मुकला, हेही सांगितले. सौ.ने ऐकून घेतले.

"देव थांबेल. ती बाई दोनदा थांबलीच की," ती म्हणाली. "तुम्ही त्या माणसाला आणखी बोलायला हवं होतं."

तिने फळाचे पाच बारीक तुकडे केले आणि त्यातला मोठा नातीच्या तळहातावर ठेवला. दिवसभर मिटून धरलेले तोंड अखेर उघडले. नातीने डोळे मिटून तुकडा चावला आणि तिचा सारा चेहरा एका बाजूला गोळा झाला.

"आजी, आंबट आहे!"

"असू दे. तोंड वाकडं करायचं नाही," सौ. म्हणाली आणि आपला तुकडा कपाळाला लावून खाल्ला. मग तिचेही तोंड वाकडे झाले.