रोहा मानवलं

सासरहून आलेल्या मुलीचे गाल जरा भरलेले दिसले की आमच्या पेणमध्ये बायका म्हणतात, "सासर मानवलं गो तुला." यात मुलीचं कौतुक कमी आणि सासूचं जास्त असतं. मला हे वाक्य लग्नानंतर चौथ्या वर्षी ऐकू यायला लागलं, आणि इतक्यांदा, की पेणच्या स्टँडवर एस.टी.तून उतरताना मी आधी ओढणी गालांवर ओढून घ्यायचे. माझे गाल रोह्याच्या भाकरीने भरले नव्हते. ते गोळ्यांनी सुजले होते.

संधिवात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. डॉक्टरांनी सांगितलं की यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. सकाळी माझी बोटं मिटत नाहीत. दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येत नाही, न्हाणीघराची कडी कोपराने लावावी लागते. मग गोळी, गरम पाणी, आणि अकराच्या सुमारास हात हळूहळू माझे होतात. जग मला भेटतं ते त्यानंतर. त्यामुळे सगळ्यांना मी फक्त अकरानंतरची माहीत आहे.

अकरानंतरच्या बाईला कोण आजारी म्हणणार? शेजारीण म्हणाली, "संधिवात? तो माझ्या आईला हाय, पंच्याहत्तरीची हाय ती." नवऱ्याच्या कंपनीतल्या एकाच्या बायकोने मला मोबाइल कमी बघायला सांगितलं. सासूबाई तर पहिले सहा महिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या, जणू दुखणं कुठेतरी चिकटलेलं असेल आणि नीट बघितलं तर सापडेल. "दिसायला तर धडधाकट हायस," म्हणायच्या. या सगळ्यांना द्यायची उत्तरं मी भांडी घासताना तयार करायचे. फार झणझणीत असायची ती. दिलं मात्र एकही नाही.

त्यातच धाकट्या बहिणीचं जमत आलं. मुलगा कासूचा, घरची भाताची आणि वालाची शेती, शिवाय स्वतः नोकरीला. दोघांची पसंती झाली होती, फक्त सुपारी फोडायची राहिली होती. आदल्या आठवड्यात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "तुझं ते दुखणं तिथं काढू नको हां. घराण्यात हाय म्हणतील."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मला भीती वाटत होती आणि ती आईच्या भीतीपेक्षा जुनी होती. आजार कळला त्याच दिवशी मी डॉक्टरांना विचारलं होतं, माझ्या बहिणीला होईल का? ते म्हणाले होते, सहसा नाही, पण खात्री कुणी देऊ शकत नाही. ही दुसरी अर्धी ओळ मी आईला कधी सांगितली नव्हती.

सुपारीच्या दिवशी मी आणि सासूबाई रोह्याहून गाडीने निघालो. गोळ्या मी कागदाच्या पुडीत बांधून पर्सच्या तळाशी ठेवल्या होत्या. मुलाकडची माणसं जीपने जाणार हे मला ठाऊक होतं, तरी कासू स्टेशन आलं तशी मी ताठ बसले आणि पर्स पदराखाली घेतली. सासूबाईंनी ते पाहिलं.

आमच्या आळीत शेजारच्या कारखान्यातल्या गणपतीच्या मूर्ती बाहेर वाळत ठेवल्या होत्या, त्यांतून वाट काढत पाहुणे आले. माझ्याकडे पेढ्यांचं ताट होतं. स्टीलचं, मोठं. मी ते मनगटांवर तोललं, कारण बोटांचा भरवसा नव्हता. मुलाच्या आत्याने पेढा उचलला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नवरीची मोठी भैन ना? रोहा चांगलं मानवलंय." सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हा तर मला ती सूज उपयोगाचीच वाटली.

मग सतरंजीवर सगळ्या बसल्या. बहीण पाटावर, समोर तबकात नारळ आणि सुपारी. मी भिंतीला टेकून उभी राहिले. खाली बसले असते तर उठताना कुणाला तरी दोन्ही हातांनी ओढावं लागलं असतं.

"बस की गो," आत्या म्हणाली.

"साडी चुरगळेल," मी म्हटलं. याहून वाईट कारण मला सुचू शकलं नसतं.

"हां," ती बाजूच्या बाईला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "रोह्याची माणसं खाली बसत नाय वाटतं. शिष्ट हाय."

शिष्ट म्हणू दे, मी मनात म्हटलं. मानी म्हणू दे, जाडी म्हणू दे, फक्त आजारी म्हणू नका. दहा मिनिटं, मग सुपारी फुटेल.

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. "शिष्ट नाय ती. गुडघे धरल्यात तिचे. बसली तर उठायची नाय. आन् मानवलं कसलं, गोळ्यांची सूज हाय ती. दोन वर्सं झाली."

आई माझ्याकडे बघत नव्हती, ती सुपारीकडे बघत होती. मुलाच्या काकांनी कुठूनतरी प्लास्टिकची खुर्ची आणून माझ्यामागे ठेवली. मी बसले, आणि सगळ्यांच्या डोक्यांहून उंच झाले. मुलाच्या आईने शांतपणे विचारलं, "घरात आणखी कुणाला हाय?"

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला, आणि ते तर खरं होतं.

पाहुणे चहा पिऊन गेले. कळवतो म्हणाले. आईने न फुटलेली सुपारी उचलून देवापाशी ठेवली. बहीण पाटावरून उठून आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

परतीच्या गाडीत मी सासूबाईंवर ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदाच. "माझ्या बहिणीचं लग्न मोडलंत तुम्ही." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. कासू गेलं, तेव्हा म्हणाल्या, "तू हसत व्हतीस आन् पाय कापत व्हते तुझे. मी बघत व्हते." मग पदर सारखा करत, "माझ्या सुनेला शिष्ट म्हनते."

पुढचे आठ दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही. हात दुखत होता तरी. आठव्या दिवशी निरोप आला की मुलीची रक्ताची तपासणी करून घ्या. मला ते ऐकून लाज वाटली, बहिणीने मात्र वाद घातला नाही. रिपोर्टचा फोटो तिने आधी मला पाठवला. मी तो तीनदा वाचला. काहीच नव्हतं. मला रडायला आलं, ते आनंदाने आलं, आणि त्यात थोडा मत्सर होता हेही मी लिहून ठेवते. तिचा कागद स्वच्छ निघाला होता. माझा कधीच निघणार नव्हता. त्याच आठवड्यात सुपारी फुटली.

लग्न वैशाखात झालं. तोवर डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या होत्या आणि माझं तोंड पुन्हा लहान झालं होतं. दोन वर्षांत एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. हॉलच्या दारातच आत्या भेटली. माझे गाल बघून तिने जीभ टाळ्याला लावून च्च केलं. "किती उतरलीस गो. दुखणं वाढलं काय? रोहा मानवत नाय वाटतं."

सासूबाई माझ्या शेजारीच होत्या. त्यांचा चेहरा एकदम पडला, कारण हे वाक्य त्यांनाच होतं. सुनेला खायला घालत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. भांडी घासताना तयार केलेली माझी सगळी उत्तरं त्या वेळी कुठे गेली कोण जाणे.

"मानवलं," मी म्हटलं. "आत्ता मानवलं. आजार आहे तो आहेच. आणि मला आधी एक खुर्ची द्या."

सासूबाई स्वतः खुर्ची आणायला गेल्या.