महाबळेश्वरचा न आलेला आकडा

मंडळी, आज माझ्याकडून एक चूक झाली.

महाबळेश्वरचा पाऊस बघून आमचं ॲप कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांना कळवतं, पूर येण्याआधी नदीकाठची पाण्याची मोटार काढा किंवा राहू द्या. सकाळी सांगलीकडून मामांचा फोन आला. "आगं, ॲप म्हणतंय ऱ्हाऊ द्या, आन पाणी मोटारीला लागलंय की!"

"मामा, आधी काढा! सगळ्यांना सांगा."

बघते तर परवापासून पावसाचा आकडाच आला नव्हता. डेटाबेसला विचारणाऱ्या माझ्या SQL क्वेरीत CASE ही अट होती. पाऊस शंभर मिलिमीटरच्या वर असेल तर 'काढा', ELSE, म्हणजे नाहीतर, 'राहू द्या'. आकडाच नाही म्हणजे NULL, आणि तो गुपचूप ELSE मध्ये गेला.

आता सगळ्यात वर लिहिलंय: IS NULL असेल तर 'माहिती नाही, नदी बघा'.

मामा पुन्हा फोनवर म्हणाले, "शेजारच्या आक्कांची मोटार तेवढी ऱ्हायली बघ, बुडाली."

त्यांना फोन लावतेय. सुरुवात कशी करू?