वहिनींच्या गेमचा नवा डिस्प्ले

टॅक्सीवाला खाली येऊन उभा होता. मी जिना उतरत होतो, तेवढ्यात सुनीताचा फोन आला. सुनीता माझी पुतणी, अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये राहते. तिची आई, म्हणजे माझ्या वहिनी, त्या आठवड्यात तिच्याकडेच होत्या आणि मला त्यांना तिकडून घेऊन परळला डायलिसिसला न्यायचं होतं. सुनीता एवढंच म्हणाली, "काका, आज टॅक्सी नको." मी म्हटलं, "का गं, पुन्हा हट्टाला बसल्या का? दे त्यांना फोन." त्यावर तिला रडू फुटलं. सकाळी वहिनींच्या पुढ्यात चहा ठेवला होता, त्यांनी कप उचललाच नाही, हे तिनं मला नंतर सांगितलं. टॅक्सीवाल्याला मी जा म्हटलं. तो नेहमीचा, भय्या माणूस. "आज माताजी की छुट्टी?" म्हणाला. मी म्हटलं, "हां, छुट्टी." मग वर येऊन पाणी भरलं, कारण नळाची वेळ होती. माझ्या खोलीचं भरलं, शेजारच्या वहिनींच्या खोलीचंही भरलं, कळशीवर झाकण ठेवलं, आणि मग पुन्हा खाली उतरून दुसरी टॅक्सी शोधली.

याला आता काही आठवडे झाले. चाळीतले लोक म्हणतात, नाना घट्ट माणूस. घट्ट वगैरे काही नाही. दात काढायच्या आधी सुई देतात, तेव्हा गाल कसा आपला वाटत नाही, तसं झालंय. जेवतो, झोपतो, कोणी विचारलं तर उत्तर देतो. रविवारच्या पुरवणीत गेलेल्या माणसांबद्दल लिहून येतं ते मी वाचत असतो. ती मोठी माणसं असतात. वहिनींनी तसं मोठं काही केलं नाही. पण त्यांच्याबद्दल लिहिणारं दुसरं कोणी नाही, म्हणून मी बसलोय. शाळा माझी चौथीपर्यंत, पण मराठी माझी आहे, ती काही कोणाकडून उसनी आणलेली नाही.

शालिनी वहिनी कणकवलीकडच्या. लग्न होऊन लालबागला आल्या त्या आपली मालवणी घेऊन आल्या आणि शेवटपर्यंत तीच बोलल्या. माझा थोरला भाऊ, दादा, बोटीवर खलाशी होता. वर्षातले बरेच महिने समुद्रावर. मी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होतो, लग्न केलं नाही, दोन्ही वेळचं जेवण वहिनींच्या हातचं. दादानं एकदा सिंगापूरहून सुनीतासाठी एक गेम आणला. करड्या रंगाचा, कपड्यांच्या साबणाच्या वडीएवढा जाड, डाव्या बाजूला दिशेची फुली, उजव्या बाजूला दोन बटणं, मध्ये छोटा हिरवट डिस्प्ले. वरून विटा पडतात, त्या फिरवून, सरकवून खाली ओळीत बसवायच्या, ओळ भरली की ती जाते. सुनीता शाळेत गेली की वहिनी हळूच काढायच्या. डिस्प्लेला स्वतःचा उजेड नव्हता, उन्हाकडे तिरपा धरला तरच दिसायचा. म्हणून दुपारी भांडी झाली की त्या गॅलरीच्या उंबऱ्यावर येऊन बसायच्या, आणि आमच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं, की या वेळी शालिनीकडे साखर मागायला जायचं नाही. विटांना त्यांनी नावं ठेवली होती. लांब ती लाटणं. चौकोनी तो पाट. वाकडा तो कोयता. आणि मधोमध बोंड आलेली, ती तुळस. वहिनी डावखुऱ्या. आमची आई असेपर्यंत तिनं त्यांना डाव्या हातानं कधी वाढू दिलं नाही. पण फुली डावीकडेच होती, तिथे आईचं काही चाललं नाही. डावा अंगठा असा चालायचा... मी आपला दुरून बघायचो. दादा गेला तेव्हा त्यांनी गेम कपाटात ठेवला. मग बऱ्याच दिवसांनी एका दुपारी पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसल्या. मजल्यावरचं कोणी साखर मागायला गेलं नाही.

मूत्रपिंडं गेली तेव्हा वहिनींनी सत्तरी ओलांडली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. डावखुऱ्या म्हणून डॉक्टरांनी सुयांसाठी उजव्या हाताची शीर तयार केली, म्हणजे डावा हात मोकळा राहील. पहिले काही दिवस त्या मुकाट्यानं आल्या. मग एक दिवस म्हणाल्या, "मी जावचंय नाय." सुनीता समजावून थकली, रडली. मी ओरडलो. मी ओरडलो की त्या आणखी घट्ट बसायच्या. आमच्या घरात माझ्यापेक्षा हट्टी कोणी असेल तर त्याच. "चार तास छताक बघीत पडाचा? भावजी, तुमी पडून बघा आधी." मी म्हटलं, "गेम न्या की सोबत." तर तेही त्यांनी करून पाहिलं होतं. त्यांची खाट आतल्या कोपऱ्यात, खिडकी लांब, डोक्यावर ट्यूबलाइट. डिस्प्लेत विटा दिसायच्याच नाहीत, दिसायची ती ट्यूब आणि त्यांचं स्वतःचं तोंड. त्यात तो डिस्प्ले इतका जुना, की मधल्या रेघाच उडालेल्या. "माका दिसणा नाय," एवढं म्हणून त्यांनी तो पिशवीत टाकला होता. दोन वेळा डायलिसिस चुकलं. पाय सुजले, धाप लागायला लागली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आजोबा, हे असं चाललं तर फार दिवस नाहीत.

मी गेम घेऊन नाक्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेलो. त्यानं उलटसुलट केला, हसला. "काका, याचा डिस्प्ले आता कुठे मिळतो? शोकेसमध्ये ठेवा." मी म्हटलं, "आणि खेळणारं माणूस कुठे ठेवू?" आणि निघून आलो. सुनीतानं मग फोनवर शोधलं. बाहेरच्या देशांत लोक म्हणे असल्या जुन्या गेमला नवा, आतून उजेडाचा डिस्प्ले बसवतात, त्याचं सगळं सामान मिळतं. तिनं मागवलं आणि वर म्हणाली, "काका, दादरला एक जण हे काम करतो, त्याच्याकडे देऊ." मी म्हटलं, देणार नाही. जन्मभर चालत्या साच्यावर तुटलेले धागे जोडले, दोनचार स्क्रू मला जड नाहीत. वहिनी कांदा चिरत ऐकत होत्या. म्हणाल्या, "लागलो तर सोमवारी येतंय. नाय लागलो तर परत माका कोणी सांगूचा नाय." मी म्हटलं, "ठरलं." बोलून गेलो, आणि मग मला झोप लागेना.

रविवारी गॅलरीत पाट मांडला, स्क्रू ठेवायला ताटली घेतली. सामानात एक स्क्रू-ड्रायव्हर होता, त्याच्या टोकाला तीन पाकळ्या. मला वाटलं मोडका दिलाय, बाजूला टाकला आणि माझ्या पेचकसनं झटत बसलो. वहिनी म्हणाल्या, "तो घेवन बघा मगे." मी म्हटलं, "तो खराब आहे." थोड्या वेळानं त्या आत गेल्याचं बघून मी तो लावला, आणि स्क्रू लोण्यासारखा फिरला. आतून हसल्याचा आवाज आला. मागची बाजू उघडली. दोन अर्ध्यांना जोडणारी एक पातळ पट्टी, ती अलगद काढायची. जुना डिस्प्ले निघाला. नवा मोठा, तो बसेना. आतल्या प्लास्टिकच्या कडा कापाव्या लागणार होत्या. तिथे माझा हात थांबला. दादानं आणलेली वस्तू, एकदा कापली की कापली. मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "कापा. ह्यांनी काय पुजूक आणलेलो नाय तो," आणि गॅलरीच्या टोकाला जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. नेलकटरनं थोडं थोडं तोडलं, काचकागद मारला. डिस्प्ले बसला, पट्टी लावली, सेल घातले, बटण सरकवलं. काळोख. नुसती बारीक घरघर.

"झाला तुमचा?" वहिनी मागे येऊन उभ्या होत्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला बरं वाटलं नाही. त्या आत गेल्या आणि खाटेवर आडव्या झाल्या, सोमवारचा निकाल लागल्यासारख्या. मी पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा काळोख. शेवटी मीच सुनीताला फोन केला आणि सांगितलं, दाखव काय दाखवायचं ते. तिनं व्हिडिओवर बघितलं. "काका, पट्टीच्या तोंडाशी काळी कडी आहे ना, पट्टी नुसती घुसवून नाही चालत. आधी कडी वर उचला, पट्टी पूर्ण आत सारा, मग कडी खाली दाबा." कडी नखानं उचलली, पट्टी आत सारली, कडी दाबली. बारीक टक् झालं. बटण सरकवलं... आणि पांढराशुभ्र उजेड माझ्या तोंडावर आला. मी तसाच आत जाऊन त्यांच्या पुढ्यात धरला. "अरे मेल्यानो! डोळे फोडतलास काय माजे?" पण उठून बसल्या. मग फर्मान सुटलं, "ह्यो रंग नको. दवाखान्यासारखो दिसता. पयल्यासारखो करा." बाजूचं चाक दाबलं की रंग बदलायचा. दाबत गेलो, निळा, पिवळा, लाल, आणि मग तो जुना हिरवट आला. "हां," म्हणाल्या, "रवांदे." सोमवारी माझ्या आधी पिशवी घेऊन जिन्यात उभ्या होत्या.

खरा घोटाळा दवाखान्यात गेल्यावर कळला. उजव्या हातात सुया, तो हलवायचा नाही, मग उजवीकडची बटणं दाबणार कोण? हे आम्हा दोघांच्या, सुनीताच्याही, कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी आयुष्यात तो गेम कधी खेळलो नव्हतो. त्यांच्या पोटावर उशी, उशीवर गेम, मी डाव्या बाजूला स्टुलावर. फुली त्यांच्या डाव्या अंगठ्याची, आणि वीट फिरवायचं बटण माझं. सरकवायचं त्यांनी, फिरवायचं मी. "लाटणं इला, उभा करा... उभा म्हणतंय मी!" "केलं की उभं!" "परत कित्याक फिरवलास? साचो हा काय तो, सारखो फिरवूक?" सिस्टर ओरडायच्या, आजी, हात हलवू नका. एकदा माझ्या चुकीवर त्या इतक्या उसळल्या, की उजवा हात हलला आणि मशीन पीं पीं करायला लागलं, सगळा वॉर्ड धावला. मला बाहेर काढलं. दहा मिनिटांनी सिस्टरच बोलवायला आल्या, "या आजोबा, त्या कोणाचंच ऐकत नाहीयेत." शेजारच्या खाटेवरचा एक गृहस्थ डोळे मिटून विचारायचा, "आजी, किती ओळी झाल्या?" वहिनी म्हणायच्या, "आमचे भावजी असताना कसल्यो ओळी!" नव्या उजेडामुळे सेल भराभर संपायचे, म्हणून नवे मी खिशात ठेवायचो. उन्हाळा गेला, गणपती गेले, दिवाळी झाली. एकही पाळी चुकली नाही. पायांची सूज उतरली होती. शेवटच्या वेळी आम्ही फार लवकर हरलो, तुळस मी उलटी ठेवली म्हणून. सुया काढताना त्यांनी तोंड फिरवून घेतलं होतं. खाली सुनीता न्यायला आली होती. तिच्याबरोबर टॅक्सीत बसताना काच खाली करून म्हणाल्या, "सोमवारी बघतंय तुमका."

दिवसकार्य झाल्यावर सुनीता खोली आवरायला आली. साड्या वेगळ्या केल्या, औषधं एका पिशवीत भरली. मग गेम घेऊन माझ्या खोलीत आली. "काका, हा तुमच्याकडे राहू दे."

"मला खेळता येत नाही."

"एवढे महिने खेळलात की."

"अर्धा."

तिनं बटण सरकवलं आणि गेम माझ्या मांडीवर ठेवला. हिरवट उजेड आला. विटा पडायला लागल्या. मी फिरवत होतो. लाटणं आलं, उभं केलं. ते मधोमध पडलं. कोयता आला, तोही मधोमध. सगळं मध्येच साचत वर चाललं, दोन्ही बाजू रिकाम्या. सुनीता म्हणाली, "काका, डावीकडे न्या ना, केवढी जागा आहे."

"ती बाजू तुझ्या आईची."

"आता दोन्ही तुमच्याच आहेत." ढीग वरपर्यंत गेला आणि खेळ थांबला. तिनं पुन्हा चालू केला. तिलाही फुली दाबता आली असती, तिनं दाबली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "काका, कोपर असं वर उचलून काय धरलंय? खांदा भरून येईल. खाली घ्या."

माझं मलाच ते माहीत नव्हतं. दवाखान्यात माझा हात वहिनींच्या हातावरून पलीकडे जायचा. थोरल्या भावाची बायको... त्यांच्या हाताला माझा हात लागू नये म्हणून पहिल्या दिवसापासून मी कोपर उचलून धरत होतो. त्यांनाही ते कळत असावं, कारण त्या आपलं मनगट उशीला अगदी चिकटवून ठेवायच्या. चार चार तास. आमच्यात त्यावर कधी एक शब्द झाला नाही, आणि आता तो मी सुनीताला काय सांगणार.

"सवय झालीय," मी म्हटलं.

वरून तुळस आली. मी ती सुलटी केली. कोपर वरच होतं.